शिकारीचे धडे आणि वावरातले डुक्कर: समज काय, कायदा काय

हौसेने वन्य प्राण्याची शिकार करण्यासाठी परवाना मिळण्याची सोय भारतात आज उरलेली नाही. तेल्हारा तालुक्यात मात्र, आणि एकूणच वऱ्हाडात, ‘परवाना काढला की शिकार करता येते’ हा समज अजून टिकून आहे. त्याला मूळ नाही असे नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्यात मोठ्या शिकारीचा, लहान शिकारीचा आणि प्राणी पकडण्याचा असे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीत ती कलमे गाळली गेली. त्यामुळे आजोबांनी रीतसर परवान्यावर तितर मारले असतील, पण नातवासाठी तो कागद आता निघत नाही.

परदेशातल्या नातेवाइकांकडून येणारे फोटो या समजाला खतपाणी घालतात. अमेरिकेत बारा-तेरा वर्षांची मुले हरणाच्या शिकारीला जातात हे खरे आहे. ती मोकाट फिरतात, हे मात्र खरे नाही. पेनसिल्व्हेनिया राज्याने २००६ साली लहान मुलांसाठी मार्गदर्शकाबरोबर शिकारीची योजना सुरू केली. तिच्या मूळ नियमांनुसार मार्गदर्शक किमान २१ वर्षांचा असावा लागे आणि दोघांत मिळून एकच हत्यार चाले. चालताना ते मार्गदर्शकाच्या हाती राही आणि मुलाने नेम धरायचा तो एका जागी थांबून, मार्गदर्शकाच्या हाताच्या अंतरावर. अशा योजना वाढण्यामागे हिशेबही आहे. १९३७ च्या एका कायद्यानुसार तिथे बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीव संवर्धनाकडे जातो, आणि परवान्यांचे शुल्कही राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळते. शिकारी घटले की खात्यांचे उत्पन्न घटते, म्हणून नवी पिढी तयार करण्याची धडपड चालते. भारतातली वनखाती या पैशावर चालत नाहीत. ती पद्धत उचलून इथे आणावी म्हटले, तर जिच्यावर ती उभी आहे ती परवान्याची चौकटच इथे नाही.

दुसरा गैरसमज बंदुकीचा. बंदूक चालली नाही म्हणजे शिकार झाली नाही, असे धरून अनेक जण निर्धास्त असतात. कायद्यातली शिकारीची व्याख्या फार रुंद आहे. मारणे आणि विष घालणे तिच्यात आहेच. शिवाय फासा किंवा सापळा लावणे, जाळ्यात धरणे, कुत्री मागे सोडणे, हाका घालणे, आमिष ठेवणे आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे हेही तिच्यात येते. पक्ष्यांची अंडी फोडणे किंवा घरट्याची छेडछाड करणे हीसुद्धा कायद्याच्या लेखी शिकारच. धुऱ्यावरच्या बाभळीत लाव्याचा फासा मांडून बसलेले पोर आणि रात्री जीपमधून बॅटरी मारत फिरणारी टोळी, दोघांवर एकाच कलमाखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

वावरातल्या जनावराचा प्रश्न यापेक्षा गुंतागुंतीचा आहे, कारण तिथे शेतकऱ्याचे दुखणे खरे आहे. तेल्हाऱ्याच्या उत्तरेला सातपुडा आणि वान अभयारण्य, दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन. मधल्या पट्ट्यातल्या हरभऱ्यात, तुरीत आणि कपाशीत रोही आणि डुकरे उतरतात. ‘आपल्या वावरात आलेले डुक्कर आपले’ हा समज इथूनच निघतो. कलम ११ प्रमाणे माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोका असलेल्या प्राण्याला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी देऊ शकतो. ही पिकाची तरतूद अनुसूची १ मधल्या प्राण्यांना लागू नाही, आणि काळवीट त्या अनुसूचीत आहे. रोही आणि रानडुक्कर अनुसूची २ मध्ये मोडतात. २०१५ च्या जुलैत महाराष्ट्र शासनाने शासन निर्णय काढून या दोघांबाबतची परवानगीची वाट सोपी केली, पण परवानगीची अट काढली नाही. परवानगीने मारलेला प्राणीसुद्धा सरकारची मालमत्ता असतो. त्याचे मटण वाटून घेण्याचा हक्क कोणालाच मिळत नाही. गावोगाव हा मुद्दा सर्वांत कमी ठाऊक असतो आणि नेमका त्यावरच माणूस अडकतो.

‘डुक्कर उपद्रवी ठरवले आहे, आता खुशाल मारा’ हीही अशीच अर्धवट ऐकलेली बातमी. कलम ६२ खाली एखादा प्राणी उपद्रवी जाहीर करण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे, आणि ती घोषणा ठरावीक प्रदेशापुरती, ठरावीक मुदतीपुरती असते. २०१५-१६ मध्ये बिहारसाठी रोही आणि रानडुक्कर, उत्तराखंडसाठी रानडुक्कर, तर हिमाचलसाठी माकड अशा अधिसूचना निघाल्या. त्यांच्या बातम्या इकडे आल्या. अधिसूचना त्या त्या राज्यापुरत्याच होत्या.

रात्रीच्या जागलीला पर्याय म्हणून तारेत सोडलेला घरचा करंट आणि झटका मशीन यांनाही लोक एकाच मापाने मोजतात. झटका मशीन सेकंदाला साधारण एकदा, क्षणाच्याही लहान भागापुरता उच्च दाबाचा झटका देते, आणि तार सोडायला जनावराला वेळ मिळतो. घरच्या लाइनचा २३० व्होल्टचा प्रवाह अखंड वाहतो. तो स्नायू आखडून धरतो आणि रोह्याइतकाच शेजारच्या सालदारालाही मारतो. करंट सोडून जनावर मारणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, माणूस दगावला तर मनुष्यवधाचा. पिकाच्या नुकसानीची भरपाई वनविभागाकडून मिळते. त्यासाठी तीन दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो आणि नंतर पंचनामा होतो. भरपाई तोकडी आहे ही शेतकऱ्याची तक्रार रास्त असली, तरी उशिरा केलेल्या अर्जाला तीही मिळत नाही.

वारी भैरवगडच्या बाजूने जंगलाला लागून असलेल्या गावांना आणखी एक नियम लागू होतो. अभयारण्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बंदूक परवानाधारकाला मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नोंदणी करावी लागते, आणि त्या टापूत नवा शस्त्र परवाना त्यांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. वान हे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. एरवी अनुसूची २ मधल्या प्राण्याच्या शिकारीला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तोच प्राणी अभयारण्याच्या आत मारला तर कैद किमान ३ आणि कमाल ७ वर्षे. आत साधे डुक्कर मारले तरी शिक्षेची पायरी बदलते, हे हद्दीवरच्या मुलांना कोणीतरी सांगायला हवे.

मुलांबाबतचा गैरसमज सर्वांत घातक आहे. ‘पोरगं अज्ञान आहे, त्याच्यावर केस होत नाही’ असे समजून फासा तपासायला किंवा हाक्याला मुलाला पुढे केले जाते. ७ वर्षांखालच्या मुलाचे कृत्य गुन्हा ठरत नाही, एवढा भाग खरा. त्यापुढे १८ वर्षांपर्यंतच्या मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जाते. आणि शिकवणारा मोठा माणूस तर सुटतच नाही. वन्यजीव कायद्यात गुन्ह्याला साथ देणाराही गुन्हेगार असतो, शिवाय बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ८३ मध्ये बेकायदा कामासाठी मुलांचा वापर करणाऱ्या प्रौढाला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपये दंड सांगितला आहे. पेनसिल्व्हेनियात जो मार्गदर्शक, तो इथे आरोपी.

‘आदिवासींना शिकारीची सूट आहे’ हे विधान सुशिक्षित माणसेही ठामपणे करतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने जमिनीचे, गौण वनोपजाचे, चराईचे हक्क मान्य केले. परंपरागत हक्कांच्या त्याच यादीत शिकार करण्याचा आणि सापळा लावण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे. वन्यजीव कायद्यातली सूट आहे ती निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींपुरती. मेळघाटातला कोरकू किंवा अकोला-वाशिमकडचा फासेपारधी तिच्यात बसत नाही. फासेपारध्यांच्या वाट्याला हे विशेष कठोरपणे आले. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या चौकटीत ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले त्यांत पारधी होते. तो शिक्का १९५२ साली पुसला गेला, आणि वीस वर्षांत पोट भरण्याचा धंदाच गुन्हा ठरला. बापाने मुलाला पाऊल, शीळ आणि फाशाची गाठ शिकवायची ही त्यांची शाळा होती. त्यातली गाठ सोडून बाकीचे ज्ञान आजही कायदेशीर आहे. वाशिम-अकोला भागात ‘संवेदना’ संस्थेबरोबर फासेपारध्यांनी माळराने आणि तणमोर राखण्याचे काम केले ते याच ज्ञानाच्या जोरावर.

शिकारीतूनच जंगल कळते, या म्हणण्यात ऐतिहासिक तथ्य आहे. १९०८ साली मुंबईत लहानग्या सालिम अलींनी एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग ओळखता येईना, म्हणून ती ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत घेऊन गेले, आणि सचिव मिलार्ड यांनी त्यांना संग्रहातले पक्षी दाखवले. पण त्या मुलाला घडवले ते मिलार्डांनी उघडून दाखवलेल्या खणांनी. मेळघाटात काम केलेले वनाधिकारी मारुती चितमपल्ली रानातल्या माणसांकडून शिकले, आणि त्यासाठी त्यांना बंदुकीची गरज लागली नाही.

आणि बंदूक शिकायलाच बंदी आहे, हा उलट टोकाचा समजही चुकीचा आहे. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे २१ वर्षे पूर्ण होईपर्यंत बंदूक बाळगता येत नाही, पण देखरेखीखाली प्रशिक्षणासाठी चालवता येते. नेमबाजीत १२ वर्षांपासूनची मुले उतरतात, आणि शाळेतले एनसीसी कॅडेट मैदानावर पॉइंट टू-टू रायफलचे फायरिंग करतात. एअरगनचा नेम पत्र्याच्या डब्यावर धरला तर तो खेळ, होल्यावर धरला तर शिकारीचा प्रयत्न. २१ नंतर शेतसंरक्षणासाठी शस्त्र परवान्याचा अर्ज करता येतो. तो मिळाला तरी त्यातून बंदूक बाळगण्याचीच मुभा मिळते, डुकरावर ती चालवण्याची परवानगी वनविभागाकडून वेगळी घ्यावी लागते.