बरा दिवस पाहून एक कागद लिहून घ्या

मी झाशी जिल्ह्यातल्या गुरसरायहून बोलतोय. खेरांच्या राज्यापासून इथं मराठी घरं आहेत. त्यांतलंच एक आमचं.

माझा मुलगा ३१ वर्षांचा. त्याला नसलेले आवाज ऐकू येतात. ते दबावेत म्हणून तो गांजा ओढतो, आणि गांजानं ते आणखी वाढतात. ‘आधी व्यसन सोड, मग आजाराचं बघू,’ असं आम्ही म्हणत राहिलो. चुकलंच. उपचार दोन्हींवर एकाच वेळी लागतात.

पण सज्ञान मुलगा नाहीच म्हणाला तर? त्याच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल, तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार त्याचा प्रतिनिधी त्याला दाखल करण्याचा अर्ज देऊ शकतो. दोन जण त्याला वेगवेगळं तपासतात. त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ. पहिली मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची.

हा प्रतिनिधी मुलानंच साध्या कागदावर सही करून नेमायचा असतो. म्हणून एका बऱ्या दिवशी चहा घेताना आम्ही विचारलं. त्यानं आईचं नाव लिहिलं.

आणि रात्री-अपरात्री तुमचाच धीर सुटला, तर १४४१६ लावा. टेली-मानसचा हा फोन मोफत आहे, आणि तो आईबापांसाठीही आहे.