उन्हाळी सहल आणि बारभाईंचा कारभार

एप्रिल सरत आला, शाळांना सुट्ट्या लागल्या की आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींना सहलीचे वेध लागतात. शनिवार-रविवार गाठून चार-पाच मित्रांची कुटुंबे एकत्र निघतात. कधी महेश्वर, कधी मांडू, कधी कुणाच्या शेतावर. सकाळी पोहे-जिलबी, दुपारी दाल-बाफले, संध्याकाळी नर्मदेचा घाट आणि रात्री गच्चीवर पत्त्यांचा डाव, असा दोन दिवसांचा भरगच्च बेत असतो. वर्षभर दवाखान्यात अडकलेल्या आम्हां डॉक्टरांना तर हे दोन दिवस फार मोलाचे वाटतात. मात्र बालरोगतज्ज्ञ या नात्याने अशा सहलींतून परतलेली मुले मी रविवारी रात्री तपासत आलो आहे. मोठ्यांच्या या आनंदात लहानांना धोका नेमका कोठे असतो, हे येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

प्रथम उन्हाविषयी. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचावर, तर महेश्वर सुमारे दीडशे मीटरवर आहे. घाट उतरून निमाडात आलो की केवळ उंचीच्या फरकानेच तापमान दोन-तीन अंशांनी वाढते, आणि घाटाचे तापलेले दगड त्यात भर घालतात. वजनाच्या मानाने मुलांच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्यांपेक्षा जास्त असते. त्यामुळे हवा शरीरापेक्षा उष्ण झाली की ते उष्णता अधिक वेगाने शोषून घेतात. त्यांना घामही तुलनेने कमी येतो. शिवाय खेळाच्या नादात तहान लागल्याचे त्यांच्या ध्यानीच येत नाही. म्हणून मुलाने मागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला पाणी पाजावे. लघवी पिवळी आणि कमी होऊ लागणे, मूल किरकिरे वा मलूल होणे, ही शरीरातील पाणी कमी होत असल्याची पहिली खूण होय.

काय पाजावे? साधे पाणी, मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे ही उत्तम पेये आहेत. आपली इंदुरी शिकंजी चवीला अप्रतिम, पण ती दुधाची घट्ट मिठाई आहे. तहानेवरचा उपाय नव्हे. उलट्या-जुलाब सुरू झाल्यास मात्र ओआरएसच द्यावे. १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याच्या रुग्णांना डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे द्रावण तोंडाने पाजले आणि असंख्य प्राण वाचविले. साखर आणि मीठ एकत्र असले की आतडे दोन्ही सोबतच शोषून घेते व त्यांच्यामागोमाग पाणीही शरीरात जाते, हे त्यामागील साधे तत्त्व आहे. म्हणूनच अतिगोड थंड पेये उपयोगाची नाहीत; त्यांतील जादा साखर उलट आतड्यात पाणी ओढून घेते. पाकिटावर लिहिलेल्या मापानेच पाणी घ्यावे आणि उलटी होत असेल तर चमच्याचमच्याने पाजावे.

मूल बरळू लागले, गुंगीत गेले, झटका आला आणि अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. यात पॅरासिटामॉल निरुपयोगी ठरते. तापात मेंदूच शरीराचे तापमान वर नेऊन ठेवतो आणि औषध ते खाली आणते. उष्माघातात बाहेरची उष्णता शरीरात कोंडलेली असते. अशा मुलाला सावलीत आणावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि तसेच ओल्या अंगाने रुग्णालयात न्यावे. गुंगीतल्या मुलाला तोंडाने काहीही पाजू नये. बंद मोटारीत झोपलेले मूल ‘पाच मिनिटांसाठी’देखील ठेवू नये, उन्हात उभ्या गाडीतील तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी चढते.

आता सर्वांत महत्त्वाचे, ते पाण्याविषयी. काही वर्षांपूर्वी चार वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आणला गेला. शेतावरच्या टाक्यात तो बुडत होता. गड्याची नजर गेली म्हणून वाचला. सहलीला चौदा मोठी माणसे होती आणि सर्व त्याच आवारात होती. आईला वाटले तो काकांजवळ आहे, काकांना वाटले मावशीजवळ, आणि मावशी स्वयंपाकात होती. बेपर्वा असे त्यांत कुणीच नव्हते. बारभाईंचा कारभार म्हणतात तो हाच! एकटी आई मुलाला नदीवर नेते तेव्हा क्षणभरही नजर हलवीत नाही; चौदा जण असले की प्रत्येकाची नजर निर्धास्त होते. शिवाय बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. श्वासासाठी धडपडताना आवाज फुटत नाही, आणि दोन-तीन मिनिटांत सारे आटोपते. नर्मदेसारख्या धरणे बांधलेल्या नदीत वरून पाणी सोडले की पातळी एकाएकी वाढते. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातील धाराजी येथे अनेक भाविकांचा असाच बळी गेला.

यावर आमच्या मित्रमंडळींत एक साधी रीत आहे. पाण्याजवळ पोहोचताच एकाच्या गळ्यात पंचा घालतात. ज्याच्या गळ्यात पंचा, तो राखणदार. त्याने पत्ते खेळावयाचे नाहीत, मोबाइल पाहावयाचा नाही, गप्पांत रमावयाचे नाही. वीस मिनिटांनी तो नाव घेऊन पंचा दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. अगदी लहान मुलांच्या बाबतीत राखणदार हाताच्या अंतरावरच हवा. ही पाळी डॉक्टरांनाही चुकत नाही.

तरीही दुर्घटना घडलीच, तर मुलाला उलटे टांगू नये, पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास चालत नसेल तर प्रथम तोंडाने श्वास द्यावा, मग छातीवर दाब सुरू करावा. एकटा मनुष्य असल्यास ३० दाबांमागे २ श्वास, हे प्रमाण. बुडालेल्याला श्वासाची गरज सर्वांत आधी असते. हे तंत्र प्रत्यक्ष हाताने शिकूनच येते. आपल्या संस्थेच्या सभासदांनी सहलीपूर्वी एखादी संध्याकाळ त्यासाठी दिली, तर बिगर-डॉक्टर मित्रांचाही मोठा लाभ होईल.

शेवटी बेताविषयी. दोन दिवसांत पाच ठिकाणे बसविण्यापेक्षा दोनच ठेवावीत. सकाळी अकरा ते दुपारी चार हा वेळ छपराखाली, जेवण, वामकुक्षी आणि गप्पांसाठी राखावा. मुलांची झोप होते, मोठ्यांचे गाणे रंगते, आणि संध्याकाळी घाटावर उतरताना कुणाच्या गळ्यात पंचा आहे, तेवढे मात्र सर्वांना ठाऊक असावे.