डिंभ्याच्या पाण्यात काठाचा वाटा

आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे, ते गाव पाण्याखाली आहे. घोड नदीवर डिंभ्याला धरण झाले, जुने आंबेगाव त्याच्या पोटात गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे अवशेष उघडे पडतात. कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांत डिंभे सर्वांत मोठे, सुमारे १३.५ टीएमसीचे. २०००च्या सुमारास ते पुरे झाले. त्याच्या जलाशयाला नाव मिळाले हुतात्मा बाबू गेनूंचे, याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळच्या गिरणी कामगाराचे. धरणाने काय दिले हे खालच्या अंगाला दिसते. अवसरी खुर्द, मंचर, पारगाव या पट्ट्यातला ऊस, कांदा, बटाटा पाहावा. एके काळी विहिरीच्या तळाकडे बघत हंगाम ठरवणारा शेतकरी आता कालव्याचे आवर्तन कधी सुटणार याची चौकशी करतो. हा बदल खरा आहे आणि मोलाचा आहे. पण एवढ्यावर हिशोब मिटवता येत नाही, कारण ज्यांच्या भातखाचरांवर पाणी चढले त्या महादेव कोळी आदिवासींच्या वाड्या त्याच जलाशयाच्या काठावर, चढाला राहिल्या.

यावर उत्तर ठरलेले असते: पाणी उताराने वाहते, चढावर ते नेणे परवडत नाही, आणि जमिनीचा मोबदला तर दिलेलाच आहे. पहिले म्हणणे कालव्यापुरते बरोबर आहे. पण उतार फक्त पाण्याची वाट ठरवतो, हक्क ठरवत नाही. आणि उपशाचा खर्च ऊस सोसतो तर भाताने का सोसू नये, की त्याला हात देणारे कुणी नाही म्हणून? मोबदला एकदाच मिळतो, पाणी दर पावसाळ्यात नव्याने साठते. मुळशीत १९२१ साली धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या सोबतीने मावळे उभे राहिले, तेव्हाही वाद नुसत्या दराचा नव्हता. काठाला वाटा देता येतो, हे डिंभ्याने स्वतःच दाखवले आहे. ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने इथल्या आदिवासींनी सहकारातून जलाशयात मासेमारी उभी केली, उतारावर पडकईची, म्हणजे बांध घालून सपाट केलेली, खाचरे बांधली, आणि २०१२ मध्ये या कामाला इक्वेटर पुरस्कार मिळाला. पाणी उपसून वर न्यावे लागले नाही, कालव्याचे आवर्तनही कमी झाले नाही. तरीही डिंभ्याचे पाणी माणिकडोह धरणात नेण्याच्या बोगद्याचा वाद पेटतो तेव्हा बाजू मांडतात ते आंबेगाव, जुन्नर आणि नगरचे लाभधारक. काठावरच्या वाड्यांना त्यावरच्या बैठकीत खुर्ची नसते.