चौकटींतले दिवस (लेखांक ९) : चिंटूचं वय

चित्रकाराच्या मानधनाचा आणि एकच स्ट्रिप अनेक वर्तमानपत्रांना विकणाऱ्या सिंडिकेटचा हिशेब आज व्हायचा होता. तो पुढच्या आठवड्यावर गेला आहे, आणि त्याला कारण विदर्भातल्या हिंगण्याहून आलेला एक प्रश्न. तिथल्या एका शिक्षिकेनं वर्गातल्या मुलांना 'चिंटू' या चित्रमालिकेची जुनी पुस्तकं वाचायला दिली. एका मुलानं आतलं साल शोधून काढलं, बोटांवर वर्षं मोजली आणि विचारलं, ''मॅडम, हा अजून लहानच कसा?'' मॅडमनी तो प्रश्न जसाच्या तसा इकडे पाठवला आहे.

प्रश्न मुलाचा आहे, पण वर्तमानपत्रात रोजची स्ट्रिप काढणाऱ्या माणसाच्या आयुष्यात याच्याइतका मोठा प्रश्न दुसरा नाही. पात्राचं वय काय ठेवायचं, हे एकदा ठरलं की पुढची वीस-तीस वर्षं त्या निर्णयासोबत काढावी लागतात.

चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू २१ नोव्हेंबर १९९१ रोजी 'सकाळ'मध्ये पहिल्यांदा दिसला. पुढे तो 'लोकसत्ता'तही आला. त्या पहिल्या दिवशी जो वाचक सात वर्षांचा होता, तो आज चाळिशीपलीकडे आहे आणि त्याची स्वतःची मुलं शाळेत जातात. चिंटू, पप्पू, मिनी मात्र अजून गृहपाठाच्याच वयात आहेत. पडद्यावर ही सोय नसते. श्रीरंग गोडबोले यांनी चिंटूवर केलेला पहिला चित्रपट मे २०१२ मध्ये आला आणि दुसरा एप्रिल २०१३ मध्ये. चिंटू झालेला खरा मुलगा तेवढ्या काळात वर्षभरानं मोठा झाला. कागदावरच्या मुलाला ती अडचण नाही.

यामागचं पहिलं कारण वर्तमानपत्रातच आहे. रोजचा अंक सगळे वाचक सलग वाचत नाहीत. कुणी चार दिवस गावाला जातं, कुणी फक्त रविवारचा पेपर घेतं, कुणाला बसस्टँडवर दुसऱ्याच्या हातातला अंक मिळतो. अशा वाचकालाही आजच्या तीन-चार चौकटींत पूर्ण गंमत मिळाली पाहिजे. पात्र मोठं होऊ लागलं की मागचा इतिहास माहीत असावा लागतो, आणि मधेच आलेला वाचक बाहेर राहतो.

दुसरं कारण रेषेचं. मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट असते, पाच-सहा वर्षांच्या मुलाची पाच-सहा पट. स्ट्रिपमधलं मूल याहून बुटकं काढतात, बहुतेक वेळा अडीच-तीन डोक्यांचंच. छापलेली चौकट लहान असते. त्यात भुवई उंचावलेली आहे की पडलेली, हे हात लांब करून धरलेल्या पेपरात दिसायचं, तर डोकं मोठंच हवं. त्या मुलाला दोन वर्षांनी मोठं करायचं म्हणजे ही मापं बदलायची, आणि मापं बदलली की वाचकाच्या ओळखीचा चेहरा हरवतो. म्हणून अनेक चित्रकार पात्राचा समोरून, बाजूनं आणि पाठीमागून काढलेला नमुना टेबलासमोर लावून ठेवतात. हात नकळत वळण बदलत असतो, आणि त्याला रोज जागेवर आणावं लागतं.

चार्ल्स शुल्झच्या 'पीनट्स'मध्ये पात्रांचं थांबलेलं वय आणि चित्रकाराचा बदलत जाणारा हात, या दोन्ही गोष्टी एकत्र पाहायला मिळतात. ही स्ट्रिप २ ऑक्टोबर १९५० ला सुरू झाली. त्याच वर्षीच्या एका स्ट्रिपमध्ये तिचा छोटा नायक चार्ली ब्राऊन आपण चार वर्षांचे असल्याचं सांगतो. १९७९ मध्ये तो साडेआठ वर्षांचा आहे. जवळपास तीस वर्षांत साडेचार वर्षं! श्रोडर आणि लायनस तर मालिकेत आले तेव्हा तान्ही बाळं होती. ती भराभर वाढली, चार्लीच्या बरोबरीला आली आणि तिथे थांबली. शुल्झला ज्या वयात मुलांकडून हवं ते बोलवून घेता येत होतं, त्या वयावर त्यानं सगळ्यांना आणून उभं केलं.

वय वाढलं ते शुल्झचं. त्यानं सुमारे पन्नास वर्षांत १७,८९७ स्ट्रिप काढल्या, त्याही मदतनीस न ठेवता. संवादांची अक्षरंसुद्धा त्याचीच. १९८१ मध्ये त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. पुढच्या काळात हात थरथरू लागला, आणि ती थरथर छापलेल्या रेषेत दिसते. शेवटची रविवारची स्ट्रिप १३ फेब्रुवारी २००० ला छापली गेली, तो आदल्या रात्री गेला होता. पहिल्या वर्षाचं पुस्तक आणि शेवटच्या वर्षाचं पुस्तक शेजारी ठेवून पाहावं. मुलं तीच आहेत, त्यांना काढणारा हात म्हातारा झालेला आहे.

मग पात्रांना वाढू देणारं कुणी झालंच नाही का? झालं. अमेरिकेत फ्रँक किंग यांची 'गॅसोलीन ॲली' १९१८ पासून चालू होती. मोटारी दुरुस्त करत गप्पा मारणाऱ्या पुरुषांची ती मालिका. बायकांनीही ती वाचावी म्हणून त्यात एक बाळ आणा, असं संपादकानं सुचवलं. नायक वॉल्ट अविवाहित होता. तेव्हा १४ फेब्रुवारी १९२१ च्या स्ट्रिपमध्ये त्याच्या दारात कुणीतरी बाळ सोडून गेलं. स्कीझिक्स नावाचं ते बाळ वाचकांच्या मुलांबरोबर वाढलं, दुसऱ्या महायुद्धात सैनिक झालं, लग्न करून संसाराला लागलं. किंग निवृत्त झाल्यावर दुसऱ्या चित्रकारांनी ती मालिका पुढे चालवली.

कॅनडाच्या लिन जॉन्स्टन यांनी १९७९ मध्ये 'फॉर बेटर ऑर फॉर वर्स' सुरू केली, तीही अशीच. मुलं कॉलेजात गेली, आईवडील थकले. १९९५ मध्ये घरातला कुत्रा फार्ली नदीत पडलेल्या धाकटीला वाचवताना मेला, आणि वाचकांना ते फार लागलं. पण वाढत्या पात्रांच्या गोष्टीला बहुधा कुठेतरी शेवट येतो. २००८ मध्ये जॉन्स्टन यांनी कथा संपवली आणि मालिका पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरू केली. ज्यांनी आयुष्यभर पात्रांना मोठं केलं, त्यांनाही शेवटी लहान मुलांकडेच परतावं लागलं.

आता हिंगण्याच्या वर्गाकडे. चिंटू वाढत नसला तरी त्याचं वर्ष फिरत असतं. सुट्टी, शाळा, पाऊस, दिवाळी, परीक्षा, पुन्हा सुट्टी. वय न वाढवणाऱ्या चित्रकाराचं खरं काम इथे आहे. मुलगा तोच, दिवाळी तीच, आणि तिसाव्या दिवाळीला अशी गंमत हवी जी आधीच्या एकोणतीस दिवाळ्यांत आलेली नाही. वय गोठवल्यामुळे काम सोपं होत नाही, उलट ते दरवर्षी अवघड होत जातं.

आणि हे वर्ष प्रत्येक गावाचं वेगळं असतं. चिंटूचं वर्ष पुण्याचं आहे. तिकडे जूनच्या मध्याला शाळा उघडतात. तेव्हा हिंगण्यात ऊन अजून उतरलेलं नसतं, आणि विदर्भातल्या शाळांची घंटा जूनच्या शेवटच्या आठवड्यात वाजते. इकडच्या मुलांचा सगळ्यात मोठा दिवस म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा. लाकडी नंदीबैल सजवायचा, दोरीनं ओढत घरोघर न्यायचा, बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारे पैसे, गोळा करायचा आणि कुणाला किती मिळाला यावरून भांडायचं. त्याच दिवशी नागपुरात मारबत आणि बडग्या या पुतळ्यांची मिरवणूक असते. बैलाचं चाक निखळणं, शेजारच्याचा बैल आपल्यापेक्षा मोठा निघणं, बोजाऱ्याच्या पैशांवर आईनं डोळा ठेवणं, अशा कितीतरी गोष्टी तीन चौकटींत बसण्यासाठी तयार आहेत. पुण्याच्या मुलाला हे सुचणार नाही. ते हिंगण्याच्या मुलालाच सुचेल.

म्हणून त्या शिक्षिकेला एक विनंती. वर्गात मुलांनी मिळून एक पात्र ठरवावं. मुलगा किंवा मुलगी, वय सात किंवा आठ, आणि ते बदलायचं नाही. त्याचा नमुना फळ्याशेजारी लावावा. एका पोळ्यापासून पुढच्या पोळ्यापर्यंत दर आठवड्याला तीन चौकटींची एक स्ट्रिप काढावी, प्रत्येकीवर तारीख घालावी आणि एकही फाडू नये. वर्ष संपल्यावर पहिली आणि शेवटची शेजारी ठेवावी. चिंटू मोठा का होत नाही आणि त्याला काढणाऱ्याला किती कष्ट पडतात, हे मुलांना तेव्हा स्वतःच सांगता येईल. त्या वर्षभरातल्या निवडक स्ट्रिप इकडे जरूर पाठवाव्यात.

मानधनाचा हिशेब पुढच्या आठवड्यात.