व्यापारी क्रूसाची पारख

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅनडातील व्यापारी मूलनिवासींना लोकरी कातड्यांच्या मोबदल्यात चांदीचे क्रूस देत. आडव्या पट्ट्या बहुधा दोन. ते अंगावर मिरवीत, नेहमी भक्तीपोटीच असे नव्हे. माँट्रियलचा कारागीर रॉबर्ट क्रुकशँक (मृत्यू १८०९) याचा ‘आर. सी.’ शिक्का दिसताच गिऱ्हाईक हुरळते. पण शिक्का काय, कोणीही ठोकील! आम्ही प्रथम कडीचे भोक पाहू. वर्षानुवर्षे लोंबल्याने ते वरच्या अंगास झिजलेले असावयास हवे. जुना क्रूस पातळ पत्र्यातून कापलेला असे. ओतीव, जाड नगाविषयी संशय धरावा.

आणि तो अस्सलच ठरला तर? असे कित्येक क्रूस मृतांबरोबर पुरले गेले. मूलनिवासींच्या कबरींतून बेकायदा काढलेल्या वस्तू विकणे हा अमेरिकेत १९९० पासून गुन्हा आहे. म्हणून विक्रेत्यास आम्ही आधी विचारू, ‘बाबा रे, हा मिळाला कोठे?’