न्यूट : बंदिवासातील संगोपन व प्रजनन

न्यूट हे सॅलॅमँड्रिडी कुलातील शेपूट असलेले उभयचर प्राणी होत. त्यांच्या बहुतेक जाती प्रजननकाळात पाण्यात व एरवी जमिनीवर राहतात; काही जन्मभर पाण्यात राहू शकतात. हान्स श्पेमान व हिल्डे मांगोल्ट यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेले भ्रूणरोपणाचे विख्यात प्रयोग न्यूटांच्या अंड्यांवरच झाले होते. परंतु ही अंडी वसंत ऋतूतच मिळत. स्पेन, पोर्तुगाल व मोरोक्को येथील प्लूरोडेलीस वॉल्टल ही जाती प्रयोगशाळेत वर्षातील बराच काळ अंडी घालते, असे आढळल्यावर ही अडचण पुष्कळशी दूर झाली.

न्यूटाला थंडी सोसते, उष्मा सोसत नाही. क्लोरीनरहित, संथ व १५°–२०° से. तापमानाचे पाणी वरील जातीस मानवते. समशीतोष्ण प्रदेशांतील अनेक जातींना हिवाळ्यात काही आठवडे ५°–१०° से. तापमान लाभले नाही, तर त्यांची जननेंद्रिये नीट पक्व होत नाहीत. पाणी वर्षभर उबदार ठेवण्याची हौशी पालकांची दयाबुद्धी येथे नडते.

प्लूरोडेलीसचा नर मादीच्या खाली शिरून आपल्या पुढच्या पायांनी तिचे पुढचे पाय धरतो. तो तळावर शुक्राणूंची पुडी ठेवतो व मादी ती अवस्करात ओढून घेते. निषेचन शरीरात होते. अंडी शेकड्यांनी असतात. प्रौढ ती खातात, म्हणून ती वेगळ्या पात्रात काढावी लागतात. डिंभ हालणारे भक्ष्यच टिपत असल्याने त्यांना डॅफ्निया किंवा आर्टेमियाची नुकती फुटलेली पिले पुरवतात. गर्दी झाल्यास ते एकमेकांचे पाय तोडतात; ते पुन्हा उगवतात. डिंभ ३२° से. तापमानात वाढविल्यास जननिक दृष्ट्या मादी असलेले प्राणीही नर बनतात.

तुरेवाल्या न्यूटाची (ट्रायट्युरस क्रिस्टेटस) सुमारे निम्मी अंडी नेहमीच मरतात. पहिल्या गुणसूत्राच्या जोडीतील दोन्ही घटक एकाच प्रकारचे आले की भ्रूण जगत नाही. यात पालकाचा दोष नसतो.

पाळीव न्यूटांच्या व्यापारासाठी रानटी प्राणी पकडले जात. इराणच्या झाग्रोस पर्वतातील न्यूरर्गस कायझेरी या जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार त्यामुळे २०१० मध्ये निषिद्ध झाला. पुढे दुसरा धोका उघड झाला. नेदर्लंड्समधील सॅलॅमँडरांचा संहार करणाऱ्या बॅट्रॅकोकायट्रियम सॅलॅमँड्रिव्होरान्स या आशियाई मूळच्या कवकाचे वर्णन २०१३ मध्ये झाले. प्राण्यांच्या व्यापारातून ते यूरोपात आले असावे. २५° से. तापमानात दहा दिवस ठेवल्यास अग्निसॅलॅमँडर रोगमुक्त होतो, पण थंड पाण्यातील कित्येक न्यूटांना हा उपचारच झेपत नाही. म्हणून नवा प्राणी दीर्घकाळ अलग ठेवणे, पात्रे व जाळ्या निर्जंतुक करणे आणि पाळलेला प्राणी किंवा त्याचे पाणी ओढ्यात न सोडणे अत्यावश्यक ठरते. बंदिवासात जन्मलेली प्रजा रानटी प्राण्यांवरील भार हलका करते, हे खरे. मात्र तीच रोगवाहक झाली, तर हा लाभ व्यर्थ जातो.

सह्याद्रीत शेपूटवाले उभयचर नाहीत. पूर्व हिमालयातील टायलोटोट्रायटॉन हिमालयानस ही जाती पावसाळ्यात तळ्यांत प्रजनन करते. तिच्यासाठी थंडीइतकेच पावसाच्या आगमनाचे अनुकरण करावे लागते. दार्जिलिंग येथील पद्मजा नायडू हिमालयीन प्राणी उद्यानाने तिच्या प्रजननाचा कार्यक्रम हाती घेतला आहे.