कपाशीच्या मुलखातून स्पॅनिशकडे

आमच्या हिवरखेडात बारावी झालेल्या मुलाला मी ‘पदवीला मायनर, म्हणजे जोडविषय म्हणून स्पॅनिश घे’ असं सुचवलं, की घरचे आधी विचारतात, ‘त्यानं पोटापाण्याचं काय होईल?’ प्रश्न रास्त आहे. कपाशीच्या भावावर ज्या घराचं वर्ष ठरतं, तिथे फीचा रुपया मोजूनच दिला जातो. माझं उत्तर मात्र अनेक वर्षांपासून एकच आहे: डॉ. पांडुरंग खानखोजे.

खानखोजे वर्ध्याचे. क्रांतीच्या ध्यासानं अमेरिकेत गेले, ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत शेतीशास्त्र शिकले, इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीत उतरले. इंग्रजांमुळे मायदेशाची वाट बंद झाली आणि १९२४ मध्ये त्यांनी मेक्सिको गाठलं. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. तिथे इंग्रजीवर भागणार नव्हतं. शिकवणं स्पॅनिशमधून, मक्याच्या वाणांवरचं लेखनही स्पॅनिशमधून. मका आणि त्याचा रानातला भाऊबंद तेओसिंते यांच्या संकराचे प्रयोग त्यांनी केले. त्याहूनही मला मोठ्या वाटतात त्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी उभ्या केलेल्या मुक्त कृषिशाळा. ज्यांना विद्यालयाची पायरी चढणं शक्य नव्हतं, त्यांच्यापर्यंत शेतीचं शास्त्र या शाळांतून गेलं. तिना मोदोत्ती या नामवंत छायाचित्रकार बाईंनी त्यांच्या कामाचे फोटो काढले. चित्रकार दिएगो रिवेरा तेव्हा चापिंगोच्याच प्रार्थनागृहाच्या भिंती रंगवत होते. पुढे मेक्सिको शहरात शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांनी ‘आमची भाकरी’ या अर्थाचं चित्र काढलं. त्यात टेबलाशी बसून भाकरी मोडणारा जो माणूस आहे, तो आपला हा वैदर्भीय. छापील चित्रातसुद्धा त्या चेहऱ्यावरून माझी नजर हलत नाही. खानखोजे पुढे मायदेशी परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा बसला. आपल्याकडे मात्र ते किती जणांना ठाऊक आहेत? वीणा गवाणकरांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र प्रत्येक गावच्या वाचनालयात हवं.

खानखोज्यांचा मुख्य विषय शेतीच होता, स्पॅनिश तिच्या जोडीला आली. मायनरचा खरा अर्थ मला इथे दिसतो. नुसत्या भाषेवर नोकरी शोधणं कठीण जातं. पण हिशेब, औषधनिर्माण किंवा संगणक येणाऱ्या पोराला वर स्पॅनिशही आली, तर वीसेक देशांतल्या ग्राहकांशी तो थेट बोलू शकतो.

आणि मराठी मुलांना ही भाषा जड जात नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. ‘मे गुस्तान लास नारान्हास’, म्हणजे ‘मला संत्री आवडतात’. इंग्रजीच्या वळणानं विचार करणारा इथे अडखळतो, कारण त्याला ‘मी’ कर्ता हवा असतो. आपल्याकडे संत्री अनेक म्हणून क्रियापद ‘आवडतात’ होतं, स्पॅनिशमध्येही तसंच. संत्रं एकच असेल तर ‘गुस्ता’. क्रियापदावरून कर्ता कळतो म्हणून ‘मी’, ‘तू’ गाळले तरी चालतात. वडीलधाऱ्यांशी बोलायची रीत वेगळी, तीही आपल्याला घरूनच ठाऊक असते. शिवाय लिहिलं तसं वाचायचं. क्रियापदांच्या भूतकाळानं घाम फुटतो, तेवढी पाठांतराची तयारी मात्र हवी.

नियमांचं थोडक्यात: २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीला मुख्य विषयासोबत मायनर आला, तो दुसऱ्या विद्याशाखेतलाही घेता येतो. पण कोणता विषय मिळेल, हे कॉलेजवर अवलंबून.

पुण्याला गेलो की मी फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये डोकावतोच. तिथे पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात फ्रेंच, जर्मन, रशियन, जपानीबरोबर स्पॅनिश शिकवतात. तिथल्या पोरांचे उच्चार ऐकताना वाटतं, आपल्या तेल्हारा-अकोटच्या पोरांत काय कमी आहे? तेवढा वर्ग जवळ नाही. तोवर इग्नूचा स्पॅनिशचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम घरबसल्या करता येतो. पुढे इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेनच्या संस्थेची ‘देले’ परीक्षा आहे. ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्या, आणि तिचं प्रमाणपत्र कायमचं.

अकोला-अमरावतीकडच्या प्राचार्यांना माझी विनंती आहे. एका कॉलेजात स्पॅनिशला दहा मुलं मिळणार नाहीत, चार कॉलेजांत मिळतील. एकत्र या, एक शिक्षक नेमा, तो ऑनलाइन शिकवत असला तरी चालेल. आणि पालकहो, पोरगं हा विषय मागत असेल तर प्रवेशाच्या दिवशी त्याच्यासोबत कॉलेजात जा.